घरातच हरवलेले नाणे

मैत्रिणींनो, एखादीचा नित्यनेम मोडला की ती सहसा कुणाला सांगत नाही. पोथी वाचायची राहिली, उपवास सुटला, वारी चुकली, की मनाला रुखरुख लागते आणि दिवस जातात तशी ती रुखरुखही बोथट होते. आम्हां ख्रिस्ती बायकांचेही अगदी तसेच होते. रविवारची उपासना आधी एखादवेळी बुडते, मग महिन्यातून दोनदा, मग नाताळ आणि ईस्टर एवढ्यापुरतेच चर्चमध्ये जाणे उरते. रात्रीची घरची प्रार्थना मुलांच्या परीक्षेच्या निमित्ताने थांबते आणि परीक्षा संपली तरी पुन्हा सुरू होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. भिंतीवर वचनाचा तक्ता असतो, कपाटात पवित्र शास्त्र असते. पण जिला कळायचे तिला आतून कळत असते.

अशी बाई पुढे केव्हातरी अडते. मुलीच्या लग्नाचा प्रश्न असतो, यजमानांची बदली असते, घरात आजारपण असते, किंवा एखादी जुनी गोष्ट टोचत असते. तिला देवाला विचारावेसे वाटते, 'आता मी काय करू?' आणि पाठोपाठ मनात येते, 'इतकी वर्षं आठवण काढली नाही, आता कोणत्या तोंडाने विचारू?'

आज मला लिहायचे आहे ते या प्रश्नाविषयी. मी कुणी धर्मपंडित नाही बरं का! बी.ए. झालेली, सकाळी अर्धा दिवस शाळेत मराठी शिकवणारी आणि रविवारी शब्बाथशाळेत मुलांना गोष्टी सांगणारी एक गृहिणी आहे. पण माझे माहेर नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. अमेरिकन मराठी मिशनचे काम तिथे १८३१ साली सुरू झाले आणि 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक तिथेच १८४२ साली निघाले. अशा जुन्या ख्रिस्ती वस्तीत वाढल्यामुळे आजीच्या मांडीवर बसून उपासना ऐकली, आणि उपासनेपासून दुरावलेली माणसेही जवळून पाहिली.

वाट चुकलेल्या माणसाची गोष्ट म्हटली की सर्वांना उधळ्या पुत्राची गोष्ट आठवते. बापाकडून वाटणी मागून घेतलेला, परदेशी जाऊन पैसा उडवलेला, शेवटी डुकरांचे खाद्यही खावेसे वाटू लागलेला तो धाकटा मुलगा. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशूने हरवण्याच्या एक नव्हे, तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली शंभरातल्या एका मेंढराची, तिसरी या मुलाची, आणि मधली एका बाईच्या नाण्याची. प्रवचनात ही मधली गोष्ट दोन वाक्यांत उरकली जाते. मला मात्र ती आपल्या बायकांसाठीच सांगितलेली वाटते.

त्या बाईजवळ दहा नाणी होती. एकेका नाण्याची किंमत साधारण दिवसभराच्या मजुरीएवढी. त्यातले एक हरवले. मेंढरू रानात हरवले, मुलगा परदेशात हरवला, पण नाणे हरवले ते घरातल्या घरात! मेंढरू निदान ओरडते, मुलाला भूक लागल्यावर घर आठवते. नाण्याला आपण हरवलो आहोत हे कळतही नाही. ते कोपऱ्यात, केराखाली, धूळ खात पडून असते. मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणी उधळ्या पुत्रासारख्या घर सोडून जातात? आपण हरवतो त्या याच चार भिंतींत. दूधवाला, डबे, पाहुणे, सासूबाईंचे पथ्य, शाळेच्या वह्या, यांच्याखाली. आणि कधी कधी आपण घरात एखादी गोष्ट लपवतो आणि तिच्याबरोबर आपणही लपून बसतो.

म्हणून पहिली गोष्ट ही की, वाट चुकलेली बाई म्हणजे वाईट चालीची बाई, हे डोक्यातून काढून टाकले पाहिजे. पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहा. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिकडे संस्कृत शिकवले, अमेरिकेत हिंडून विधवांच्या शिक्षणासाठी मदत उभी केली, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. इतके चांगले काम कुणाच्या हातून होते! तरी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की, बाप्तिस्म्यानंतरची सुमारे आठ वर्षे आपल्याला धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता. हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हे गृहस्थ आधी पाळक झाले आणि पुष्कळ पुढे, स्वतःचेच प्रवचन देत असताना, त्यांचे मन पालटले. ते वाचून रमाबाई स्वतःला विचारू लागल्या, 'माझे मन असे पालटले आहे का?' एवढ्या विद्वान बाई, पण हा प्रश्न त्यांनी टाळला नाही.

आणि पुढचा क्रम पाहा. आधी देवाशी नाते जुळले, मग मोठ्या वाटा उघडल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुलींचे आणि विधवांचे हाल चालले आहेत असे कानावर येताच त्या तिकडे गेल्या आणि त्यांनी शेकडोंना आपल्याकडे आणले. केडगावचे 'मुक्ती' त्यातूनच उभे राहिले. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण अशाच एका दुष्काळात, त्या ऐन सोळा-सतरा वर्षांच्या असताना, उपासमारीने गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. स्वतः सोसलेले आठवले आणि जायचे कुठे ते कळले. देवाचे मार्गदर्शन म्हणतात ते पुष्कळदा असे येते. जे आपल्याला आधीच ठाऊक असते त्यातूनच ते उमटते.

पण आपल्याला हवे असते ते वेगळेच. आपल्याला हवी असते खूण. आमच्याकडे एक रीत फार आहे. डोळे मिटायचे, शास्त्र कुठेही उघडायचे, बोट ठेवायचे आणि बोटाखाली येईल ते देवाचे उत्तर समजायचे. आता तर मोबाईलवर रोज सकाळी आपोआप वचन येते, त्यालाच कित्येकजणी आजचा आदेश मानतात. वचन वाचू नका असे मी म्हणत नाही. सकाळी एक चांगले वाक्य मनात घोळले तर स्वयंपाकही गोड होतो. पण मुलीचे स्थळ नाकारायचे की स्वीकारायचे, हे बोटावर सोपवणे म्हणजे चिठ्ठ्या टाकण्यासारखेच झाले.

काहीजणी यावर संत ऑगस्टीनचा दाखला देतात. ३८६ साली मिलान शहरातल्या एका बागेत तो रडत बसला असताना, पुस्तक घेऊन वाचायला सांगणारा एका मुलाचा आवाज त्याला ऐकू आला, त्याने पौलाचे पत्र उघडले, आणि जे दिसले ते वाचून त्याचे आयुष्य बदलले. गोष्ट खरी आहे. पण त्याआधी ऑगस्टीन दोन वर्षे बिशप अँब्रोजची प्रवचने ऐकत होता, शास्त्र वाचत होता, आणि काय सोडायचे आहे हे त्याला पक्के माहीत होते. अडत होते ते सोडण्यापाशी. जुन्या करारातल्या गिदोनाचेही तेच. त्याने लोकर खळ्यात ठेवून देवाकडे खूण मागितली, हे सर्वांना पाठ असते. पण काय करायचे ते देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितले होते, हे मात्र कुणी सांगत नाही. खूण मागितली ती भीतीपोटी.

हे सारे मला पुस्तकातून जितके कळले त्यापेक्षा जास्त कळले ते माझ्या नात्यातल्या एका वहिनींमुळे. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. "नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही. कुणाच्या तरी उपयोगी पडेल," असे त्या म्हणाल्या.

वहिनी आपल्या गावच्या चर्चच्या महिला मंडळाच्या खजिनदार होत्या. मंडळाचे पैसे पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात, त्यांच्या कपाटात असत. आठ वर्षांपूर्वी मुलाच्या फीची शेवटची तारीख आली आणि घरात पैसे नव्हते. त्यांनी डब्यातून साडेचार हजार रुपये काढले. पगार झाला की ठेवून देऊ, असा सरळ विचार. पण पगाराच्या आधीच नाताळच्या खर्चासाठी हिशेब मागितला गेला. वहिनी गडबडल्या आणि म्हणाल्या, "वर्गणी गोळा झाली तेव्हाच कमी आली असेल." वर्गणी गोळा केली होती मंडळातल्या दुसऱ्या एका बाईने. ती विधवा, शिवणकाम करून दोन मुले वाढवणारी.

कुणी उघड काही बोलले नाही. आपल्याकडे उघड कोण बोलते? पुढच्या वर्षीपासून वर्गणीचे काम त्या बाईकडून काढून घेतले, एवढेच. वहिनींनी पगार होताच साडेचार हजार पाकिटात घालून, नाव न लिहिता, रविवारच्या दानाच्या थाळीत टाकले. पैशाचा हिशेब जमला. पण त्या दुसऱ्या बाईचे नाव गेले ते गेलेच.

त्यानंतर वहिनींचे गुडघे दुखू लागले. म्हणजे रविवारी दुखू लागले! बाजार, लग्नकार्ये, सगळे चालू होते. उपासना मात्र सुटली. प्रभुभोजनाच्या रविवारी तर त्या हटकून बाहेरगावी जात, कारण ती भाकर घेण्याआधी माणसाने स्वतःची परीक्षा करायची असते. अशी सहा वर्षे गेली. मधल्या काळात प्रार्थना अगदी बंद नव्हती हं. त्या सांगतात, "मी रोज म्हणायचे, देवा, मला वाट दाखव. उपास केले. शास्त्र उघडून बोट ठेवलं, तर इतिहासाच्या पुस्तकातली वंशावळ निघाली! अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका. मी रडता रडता हसले."

शेवटी त्यांनी हे सारे सांगितले ते एका म्हाताऱ्या निवृत्त शिक्षिकेला. त्या बाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "अगं, तू वाट दाखव म्हणतेस. तुला वाट माहीत नाही, की ती वाट नको आहे?"

वहिनी म्हणतात, "त्या एका वाक्यानं माझी सहा वर्षांची प्रार्थना उलटून पडली. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं कुणाच्या दारात जायचं ते. मी देवाकडे दुसरं एखादं दार मागत होते."

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने सांगितले आहे की, वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग परत ये. किती व्यवहारी सांगणे आहे पाहा! देव म्हणतो, मी थांबतो, तू आधी तिकडे जाऊन ये.

वहिनी गेल्या. आता इथे पाणावलेले डोळे, गळाभेट असे काही लिहिता आले असते तर मलाही बरे वाटले असते. पण तसे झाले नाही. त्या बाईने मशीन थांबवले, सगळे ऐकले आणि म्हणाली, "सहा वर्षं मी कुणाकडे नाताळच्या फराळाला गेले नाही. माझ्या मुलीला लोकांनी काय काय ऐकवलं ते तुम्हांला ठाऊक आहे का?" तिने चहा विचारला नाही. वहिनी तशाच परत आल्या.

पुढच्या महिन्यात मंडळाच्या सभेत वहिनी उभ्या राहिल्या आणि सर्वांसमोर जे घडले ते सांगितले, त्या बाईचे नाव घेऊन, तिचा काही दोष नव्हता असे सांगितले. सभेत काहीजणींनी माना खाली घातल्या, काहीजणी चर्चच्या दारातच कुजबुजू लागल्या. वहिनींच्या यजमानांनाही ते पहिल्यांदाच कळले आणि घरात आठवडाभर अबोला होता. वर्गणीचे काम त्या बाईला पुन्हा देऊ केले, तेव्हा तिने ते घेतले नाही.

याला आता दोन वर्षे झाली. दोघी एकाच चर्चमध्ये बसतात, एका बाकावर नाही. येता-जाता बोलतात, मोजके. वहिनींना याचे दुःख आहे. पण त्या म्हणतात, "जे मोडलं ते मोडलं. क्षमा मागणं माझ्याकडे होतं, देणं तिच्याकडे आहे, तिच्या वेळेनं. पण आता प्रार्थनेला बसले की मधे काही आडवं येत नाही." आणि गंमत म्हणजे, मुलाच्या नोकरीचा, जुन्या घराचा, अशा ज्या प्रश्नांसाठी त्या वर्षानुवर्षे खूण मागत होत्या, ते प्रश्न त्यांनी नंतर घरात बसून, सर्वांशी बोलून, साधेपणाने सोडवले.

तुम्ही म्हणाल, इतके मोठे काही आमच्या हातून घडलेले नाही. नसेलही. पण तत्त्व तेच आहे. पुढची मोठी वाट दिसत नसेल, तर समोरचे जे लहान पाऊल आपल्याला ठाऊक आहे आणि आपण टाळत आहोत, ते आधी टाकून पाहावे. नणंदेला न लिहिलेले पत्र असेल, शेजारणीचे न परतवलेले पैसे असतील, किंवा नुसते रविवारी सकाळी उठून, लोक काय म्हणतील याचा विचार न करता, शेवटच्या बाकावर जाऊन बसणे असेल.

आणि देव आपल्याला कसा भेटेल, ही भीती मनात असेल, तर पेत्राची गोष्ट वाचा. प्रभूला धरून नेले त्या रात्री पेत्र अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी ऊब घेत उभा होता आणि तीनदा म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. पुढे पुनरुत्थानानंतर तो पुन्हा मासे धरायला गेला. रात्रभर जाळे टाकून हाती काही लागले नाही. पहाटे किनाऱ्यावर प्रभू येशू उभा होता. योहानाने लिहिले आहे की त्याने कोळशाचा विस्तव पेटवला होता, त्यावर मासळी होती आणि भाकर होती. मैत्रिणींनो, ज्याने नाकारले त्याच्यासाठी प्रभूने न्याहारी करून ठेवली होती! आधी म्हणाला, या, जेवा. पोटात अन्न गेल्यावर मग विचारले, आणि तेही 'असे का केलेस?' असे नाही. 'माझ्यावर प्रीती करतोस का?' एवढेच, तीनदा. जितक्यांदा नाकारले तितक्यांदा. आणि प्रत्येक उत्तरामागून काम दिले, माझी मेंढरे सांभाळ म्हणून. रात्रभर जागून, हात रिकामे घेऊन घरी आलेल्या मुलाला आपण काय करतो? आधी ताट वाढतो. देव आपल्यापेक्षा कमी माया करील का?

आता थोडे व्यवहाराचे. परत सुरुवात करायची तर ती लहान करावी. एकदम पहाटे चारला उठण्याचे आणि तासभर गुडघे टेकण्याचे व्रत घेऊ नये, ते आठवडाभरही टिकत नाही. दहा मिनिटे पुरतात. मुले शाळेला गेली की पुढच्या कामाला हात लावण्याआधीची दहा मिनिटे मला सोयीची वाटतात. वाचायला मार्काचे शुभवर्तमान घ्यावे. ते सर्वांत लहान, सोळाच अध्यायांचे आहे. रोज एक वाचला तर सोळा दिवसांत प्रभूचे सारे चरित्र डोळ्यांखालून जाते. बोट ठेवून नव्हे, क्रमाने वाचावे. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्रसंहितेतले पंचविसावे, बत्तिसावे आणि एक्कावन्नावे स्तोत्र हळू आवाजात वाचावे. एक्कावन्नावे दाविदाचे, बथशेबेच्या प्रकरणानंतरचे मानतात. राजाच्या तोंडी जे शोभले ते आपल्या तोंडी शोभेल.

प्रार्थनेत गोलगोल बोलू नये. 'माझ्या सगळ्या चुकांची क्षमा कर' असे म्हणणे सोपे असते, कारण त्यात एकही चूक नावाने येत नाही. आपण वाण्याच्या यादीत 'सगळे सामान' असे लिहितो का? डाळ, गूळ, तेल असे लिहितो. तसेच इथेही एकेक गोष्ट नाव घेऊन सांगावी. आणि शक्य असेल तर एका विश्वासू माणसाला सांगावी. आमच्या वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक भगिनींना धर्मगुरूंपाशी पापकबुली देण्याची सोय आहे. आम्हां प्रॉटेस्टंटांत ती रीत नाही, पण एकमेकांजवळ पापे कबूल करा, असे याकोबाच्या पत्रात आहेच. पाळकसाहेब, पाळकबाई, किंवा ज्यांच्या पोटात गोष्ट राहते अशी एखादी वडीलधारी बाई निवडावी. जिच्या ओठात राहत नाही ती मात्र टाळावी!

मनात आलेला विचार देवाकडचा की आपलाच, हे कसे ओळखावे, असे मला पुष्कळजणी विचारतात. मी चार गोष्टी पाहते. तो शास्त्राच्या शिकवणीशी जुळतो का? तो केल्याने कुणाचे नुकसान तर होत नाही ना? दुसऱ्या शहाण्या माणसाला तो मोकळेपणाने सांगता येतो का? आणि रात्रीचा विचार सकाळी उठल्यावरही तसाच वाटतो का? घाईने, भीतीने, कुणावर सूड उगवण्यासाठी सुचलेल्या गोष्टी सहसा सकाळपर्यंत टिकत नाहीत.

एक मात्र स्पष्ट लिहायला हवे. मार खाणाऱ्या बाईला 'सहन कर, हाच तुझा क्रूस, हीच देवाची इच्छा' असे सांगणारी माणसे सगळ्याच धर्मांत असतात, आमच्यातही आहेत. तिला ते देवाचे मार्गदर्शन वाटू नये. दुसऱ्याचे पाप झाकायला देव कुणाला घरात कोंडून ठेवत नाही. तिने आधी सुरक्षित जागी जावे, जवळच्यांची आणि कायद्याची मदत घ्यावी. तसेच झोप नाही, भूक नाही, जगणेच नको वाटते, असे होत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जावे. लूक स्वतः वैद्य होता, असे पौलाच्या पत्रातच लिहिले आहे.

आणि आता थोडे आपल्याला, म्हणजे ज्या कधीच कुठे गेल्या नाहीत त्यांना. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत एक थोरला भाऊ आहे. शेतावरून परत येताना वाजंत्री ऐकतो, धाकटा परत आला असे कळते आणि रागाने घरात पाऊल टाकत नाही. मी इतकी वर्षे राबलो, मला कधी करडूही मिळाले नाही, म्हणतो. सासरी राबून मान न मिळालेल्या कुठल्याही थोरल्या सुनेला त्याचा राग कळेल! पण पाहा, बाप त्याच्यासाठीही घराबाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो. तो शेवटी आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. ते आपल्यावर सोडले आहे. सहा वर्षांनी एखादी बाई चर्चच्या दारात दिसली, तर 'आज कशी काय वाट चुकलात?' असे हसत हसतसुद्धा म्हणू नये. त्या एका वाक्याने पुन्हा सहा वर्षे जाऊ शकतात. सरकून जागा द्यावी, गीतांच्या पुस्तकाचे पान काढून हातात द्यावे, बस्स. नाणे सापडल्यावर त्या बाईने मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावले होते, ते आनंद करायला. नाणे इतके दिवस कुठे होते, याची चौकशी करायला नव्हे.

स्तोत्रसंहितेतले एकशे एकोणिसावे स्तोत्र सर्वांत लांब, १७६ ओव्यांचे. देवाच्या नियमशास्त्रावर आपले किती प्रेम आहे, हे कवी पानेच्या पाने सांगतो. आणि इतके सांगून शेवटच्या ओवीत काय म्हणतो? हरवलेल्या मेंढरासारखा मी भटकलो आहे, तूच तुझ्या दासाचा शोध घे. शास्त्र तोंडपाठ असलेल्या माणसालाही शेवटी असे म्हणावे लागले. मग आपल्याला लाज कशाची?

तुमच्यापैकी कुणी अशी अडली असेल, तर आज रात्री सगळी निजल्यावर स्वयंपाकघरातला दिवा दोन मिनिटे अधिक ठेवा. जी गोष्ट ठाऊक आहे आणि टाळली आहे, ती नाव घेऊन देवाला सांगा. उत्तराची वाट पाहत जागू नका, निजा. सकाळी उठून त्या गोष्टीचे पहिले पाऊल टाका, मग ते एक पत्र असो, एक फोन असो, की कुणाच्या दाराची कडी वाजवणे असो.